गोकुळदासबाबांचा व्हॉल्व्हचा सेट

आमोण्यात कुणाला बाजाची पेटी घ्यायची असली, की तो आधी गोकुळदास गावसच्या घरी जाई. ही पद्धत कधी पडली ते कुणाला सांगता येत नाही. गोकुळदास पेटी वाजवत नसे, गातही नसे. पण म्हापशाच्या किंवा बेळगावच्या दुकानात चार पेट्या मांडल्या की तो त्यांच्याकडे पाठ करून बसे, दुकानदाराला एकेक वाजवायला लावी आणि मधेच हात वर करून म्हणे, "ह्या पेटीचा वरचा गंधार उतरलाय." दुकानदार हुज्जत घाली. मग पेटी उघडली जाई आणि गंधार उतरलेलाच निघे. आजूबाजूच्या वाड्यांवर त्याच्या कानाने आणलेल्या दहा-बारा पेट्या होत्या. एकाही घराने पेटी वाजवून बघून घेतली नव्हती. गोकुळदासबाब "घ्या" म्हणाले, एवढं पुरत असे.

देवळातल्या भजनातही त्याचं काम एकच होतं. तबला लावणं. मधुकर पेटीवर सूर धरून ठेवी आणि गोकुळदास पितळी हातोडीने तबल्याच्या कडेवर ठोके मारत फिरे. एक ठोका खाली, दोन वर, बोटाने चाटेवर टिचकी, पुन्हा ठोका. मनासारखं झालं की हातोडी मांडीखाली ठेवी आणि म्हणे, "घ्या." त्याशिवाय कुणी टाळ उचलायचा नाही. गणपतीत, चवथीच्या दिवसांत मंडळी घरोघर जात तेव्हाही हातोडी त्याच्याच सदऱ्याच्या खिशात असे. एरवी ती घरी, मेजाच्या खणात, फडक्यात गुंडाळलेली.

नोकरी खनिजाच्या प्लांटवर होती. नदीकाठाला, जिथे बार्ज लागतात तिथून थोडं आत. सव्वीस वर्षं तो मोठ्या चाळणीवर होता. लोखंडाची ती चाळण दिवसभर थरथरत असे आणि तिच्यावरून दगड, माती, भुकटी वेगवेगळी होऊन पडत असे. तिथे माणसं एकमेकांशी बोलत नसत, हातवारे करत. कानांत घालायला कापूस मिळे. पहिल्या वर्षी सगळ्यांनी घातला. नंतर तो पानाच्या चंचीत, जखमेवर आणि समईच्या वातींना गेला.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गोकुळदासने बायकोला विचारलं होतं, "यंदा रातकिडे नाहीत गे?"

कमलाक्षी नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "आहेत की. कान किटवलेत मेल्यांनी."

त्याने विषय वाढवला नाही. अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. पाणी पडल्याचा आवाज येत होता, प्लांटची घरघर येत होती, रातकिडे येत नव्हते. तो थोडा वेळ थांबला आणि आत येऊन जेवायला बसला.

त्यानंतर एकेक गोष्ट गेली. लेकीच्या, सिद्धीच्या पायातलं पैंजण गेलं. टाळांची किणकिण गेली, नुसता धातूचा ठोका राहिला. आणि मग तबल्याची किनार गेली. चाटेवर टिचकी मारली की जो बारीक टणत्कार वर उठतो, ज्याच्यावरून तो आयुष्यभर तबला लावत आला होता, तोच मिळेनासा झाला. खालचा आवाज मिळे. पण नुसत्या खालच्या आवाजावर तबला लावणं म्हणजे धुक्यात होडी लावण्यासारखं होतं. धक्का आसपास आहे एवढंच कळतं.

म्हणून तो मधुकरच्या तोंडाकडे बघून तबला लावू लागला. सूर जवळ आला की मधुकरची डावी भुवई खाली येई. पूर्ण जुळला की तो भात्यावरचा हात सैल सोडी. गोकुळदास ते बघून "घ्या" म्हणे. हे दोन वर्षं चाललं. कुणाला काही कळलं नाही, असं त्याला वाटत होतं. कळलं तर हातोडी जाईल हे त्याला माहीत होतं. मार्च सत्त्याऐंशीत तो प्लांटवरून निवृत्त झाला, नारळ आणि शाल घेऊन घरी आला, तेव्हा गावात त्याचं म्हणावं असं ती हातोडीच उरली होती. हे सगळं तो पुरतं जाणून होता. त्याची भीतीही वाटत नव्हती, म्हणजे वाटायला हवी तशी नाही. चाळणीवर दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी तळवे बधिर व्हायचे तसं आत काहीतरी झालं होतं. हात लावला तर लागल्याचं कळे, पण उशिरा, आणि दुसऱ्या कुणाच्या हाताला लागावं तसं.

थोरला मुलगा अनिल वास्कोला बंदरात कारकून होता. मे महिन्याच्या शेवटी, गोवा राज्य झाल्याच्या सुट्टीला जोडून, तो दोन बसगाड्या बदलून घरी आला आणि बरोबर एक खोकं घेऊन आला. बोटीवरून परतलेल्या एका तारवटीकडून त्याने रेकॉर्ड वाजवायची जपानी थाळी आणि दोन स्पीकर मिळवले होते.

"बाबा, आता दिवसभर बसून करणार काय? आयुष्यभर लोकांच्या पेट्या निवडल्यात. आता तुमच्यासाठी निवडा," तो म्हणाला. "अँप्लिफायर तेवढा हवा. तो मी आणला नाही. म्हटलं, तुमच्या कानापुढं माझी काय अक्कल!"

डिचोलीच्या बाजारात शंभूचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शंभू मये गावचा. ऐन उमेदीत वास्कोला बोटींवरचे सेट दुरुस्त करायला शिकला, आता स्वतः अँप्लिफायर बांधत असे. दुकानाच्या पाटीवरचं 'दमण व दीव' त्याने नुकतंच निळ्या रंगाने झाकलं होतं. तिरपं ऊन पडलं की खालची अक्षरं वाचता येत.

गोकुळदास गेला तेव्हा बरोबर श्रीनाथ गुरुजी होते. आमोण्याच्या शाळेचे मास्तर. घरात कोकणी बोलत, वर्गात मराठी शिकवत, आणि गेल्या डिसेंबरातल्या भाषेच्या दंग्यांपासून त्यावर कुणाशी बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, ते आठवड्यातून एकदाच मोडत. त्यांनाही सेट घ्यायचा होता. गोकुळदासबाब घेतील तोच.

शंभूने दोन डबे शेजारी शेजारी मांडले होते. एक चपटा, काळा, ट्रान्झिस्टरचा. दुसरा उघडा, जाड पत्र्याच्या बैठकीवर काचेचे पाच व्हॉल्व्ह उभे असलेला.

"हा दाबला की लागला," शंभू काळ्यावर हात ठेवून म्हणाला. "तापत नाही, बिघडत नाही, पावर कमीजास्त झाली तरी कुरकुरत नाही. आणि हा..." त्याने व्हॉल्व्हवाल्याचं बटण दाबलं. काचांच्या तळाशी तांबूस ठिपके दिसू लागले. "हा मिनिटभर घेणार. चुलीवरची पेज आहे ही. पण एकदा लागला की गळा गळ्यासारखा लागतो. निदान माझा गुरू तसं म्हणायचा."

"आणि तू काय म्हणतोस?" गुरुजींनी विचारलं.

"मी दोन्ही विकतो, गुरुजी. मी काय म्हणणार!"

दोन्ही डबे एकाच स्पीकरना जोडले होते आणि मधे एक खटका होता. खटका डावीकडे केला की काळा, उजवीकडे केला की व्हॉल्व्हचा. शंभूने जुन्या नाट्यगीतांची रेकॉर्ड लावली आणि गोकुळदाससाठी बसायचं कदेल पुढे ओढलं. गोकुळदासने सवयीप्रमाणे पाठ केली.

खटका वाजला. पुन्हा वाजला. गाणं चाललं होतं. गोकुळदासला गाण्याचं अंग ऐकू येत होतं, तबल्याचा डग्गा येत होता, आणि गाणं मधल्या एका जाड पडद्यामागे चाललं होतं. पडदा डावीकडेही तोच होता आणि उजवीकडेही तोच. तिसऱ्यांदा खटका वाजला तेव्हा त्याला खटक्याच्या आवाजावरूनच काय ते कळत होतं.

तो उठला आणि कदेल फिरवून बसला.

"आज तोंड करून?" गुरुजी म्हणाले.

"पेटी नव्हे ही. यंत्राकडे बघावं लागतं."

"ते खरं," गुरुजी म्हणाले. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनीही आपलं कदेल फिरवलं.

आता गोकुळदासला गुरुजींचं तोंड दिसत होतं. शंभूने खटका डावीकडे टाकला. गुरुजी समोर बघत होते. उजवीकडे टाकला. गोकुळदास व्हॉल्व्हमधले तांबूस ठिपके नीट दिसावेत म्हणून जरा पुढे वाकला. त्याच क्षणी गुरुजींनी डोळे मिटले आणि मान सावकाश हलवली.

"हा," गोकुळदास म्हणाला. "व्हॉल्व्हचा."

"मी म्हणणारच होतो," गुरुजी म्हणाले. "त्या दुसऱ्यात सगळं आहे, पण ओल नाही."

"ओल नाही," गोकुळदास म्हणाला.

शंभूने दोघांच्या नावाने व्हॉल्व्हचा सेट लिहून घेतला. गोकुळदासला दुकानातलाच मिळाला. गुरुजींसाठी नवा बांधायचा होता, त्याला दोन महिने लागणार होते.

सेट त्याने बसमधून मांडीवर घेऊन आणला. खनिजाच्या ट्रकांनी तो रस्ता खाऊन टाकला होता आणि प्रत्येक खड्ड्याला व्हॉल्व्ह आपापल्या खोबणीत डुलत होते. घरी त्याने तो बाहेरच्या खोलीत, उघड्या जनेलाजवळच्या मेजावर ठेवला, शंभूने सांगितल्याप्रमाणे तारा जोडल्या, बटण दाबून एक मिनिट मोजलं आणि रेकॉर्ड लावली. लागला. पडद्यामागचं गाणं पडद्यामागे लागलं.

जून आणि जुलै असे गेले. सकाळी पाववाल्या पोदेराकडून उंडे घ्यायचे, चहा प्यायचा, पेपर वाचायचा, मग दहाला सेटसमोर बसायचं ते बाराला उठायचं. संध्याकाळी पुन्हा तास-दोन तास. कमलाक्षी तेवढ्यात परसातली कामं उरकून घेई. सिद्धी म्हापशाला कॉलेजात होती. तिने आपली पुस्तकं बाहेरच्या खोलीतून उचलून मागच्या पडवीत नेली. पायरीवर झोपणारा कुत्रा शेजारच्या रुक्मिणीकाकीच्या पायरीवर झोपू लागला. गोकुळदासने हे सगळं बघितलं होतं. पावसात पडवी कोरडी असते, आणि काकी कुत्र्याला भात घालत असेल, असं त्याने धरलं.

मंडळींतले लोक सेट ऐकायला येऊन गेले. पहिल्या मिनिटाला ते एकमेकांकडे बघत, मग गोकुळदासकडे बघत. तो समोर शांत बसलेला असे. मग तेही शांत बसत. जाताना कुणी म्हणे, "वेगळंच आहे हां." कुणी म्हणे, "कान पाहिजे ह्याला." मधुकर एकदा आला आणि अर्ध्या रेकॉर्डीत काम आठवून उठला.

गुरुजींचा सेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. चौथ्या दिवशी गुरुजी डिचोलीला शंभूच्या दुकानात उभे.

"शंभू, तू मला कमी व्हॉल्व्हचा दिलास काय?"

"पाचच्या पाच आहेत, गुरुजी. मोजा."

"मोजले. मग ती तार का वाजत नाही?"

"कसली तार?"

"गोकुळदासबाबांच्या सेटला मागून एक बारीक तार वाजते. गाण्याच्या वर. तंबोऱ्याची जवारी असते तशी, पण फार वरची. पहिल्यांदा कानाला बोचते. मग सवय होते. मी आठ दिवस जाऊन सवय केली. माझ्या सेटला ती अजिबात नाही. अगदी भुंडं लागतं."

शंभूने हातातली डाग द्यायची सळई खाली ठेवली.

"गुरुजी, ती वाजते असं कोण म्हणालं?"

"सगळ्यांनी ऐकलीय. गोकुळदासबाब रोज तिच्यासमोर बसतात. त्यांनी निवडलाय म्हटल्यावर ती त्यांना हवी म्हणूनच असणार ना?"

दुसऱ्या दिवशी शंभू आमोण्याला आला. पायरीवर चपला काढतानाच त्याला ती ऐकू आली आणि त्याने तोंड वाकडं केलं. सुईसारखी बारीक, सलग शिट्टी. गाणं थांबलं तरी न थांबणारी. आत गोकुळदास सेटपासून दोन हातांवर बसला होता. मांडीवर पेपर, डोळे अर्धे मिटलेले.

"ये रे, शंभू! बस. बघ कसा स्वच्छ लागलाय."

शंभू बसला नाही. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारू लागला. स्पीकरमधून टक्, टक् असा आवाज आला, तो गोकुळदासने ऐकला. कडेच्या सगळ्यांत लहान व्हॉल्व्हला पेन्सिल लागली तेव्हा शंभूचा खांदा वर उडाला, जणू कुणी कानात ओरडलं. त्याने तो व्हॉल्व्ह दोन बोटांनी खोबणीत खाली दाबला. आणि मग मान वळवून गोकुळदासकडे बघितलं.

गोकुळदास त्याच्याकडेच बघत होता. सव्वीस वर्षं तो माणसांच्या तोंडावरून आणि हातांवरून बोलणं वाचत आला होता. शंभूचं तोंड वाचायला त्याला वेळ लागला नाही.

"काय होतं?" त्याने विचारलं.

"काही नाही. जरा ढिला झाला होता. बसमध्ये हलला असणार."

"आणि?"

शंभूने पेन्सिल खिशात ठेवली. "शिट्टी मारत होता."

"मोठी?"

"बाहेरच्या पायरीपर्यंत येत होती."

गोकुळदासने पेपरची घडी घातली. "आता?"

"आता थांबली."

"बरं," गोकुळदास म्हणाला. गाणं चालू होतं तसंच चालू होतं.

कमलाक्षी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुला ऐकू येत होती?"

"येत होती."

"कधीपासून?"

"आणलात त्या दिवसापासून."

"बोलली का नाहीस?"

तिने पदराला हात पुसले. "तुम्ही रोज दोन-दोन तास तिच्यासमोर बसत होतात. पहिल्यांदा वाटलं, ती अशीच असते. मग सिद्धी म्हणाली, असं नसतं. मग मला रातकिडे आठवले."

"शंभूला चहा दे," गोकुळदास म्हणाला.

चहा आला. शंभूने तो बशीत ओतून प्यायला. रेकॉर्ड संपली आणि सुई आतल्या कडेला घासू लागली तेव्हा गोकुळदासने उठून ती उचलली. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, असं त्याच्या मनात आलं. शरम वाटावी, राग यावा. दोन महिने घरातली माणसं, कुत्रासुद्धा, त्याच्याभोवती फिरून जगत होती आणि तो मधोमध बसून होता. हे सगळं त्याला दिसलं, पण दिसलं तेवढंच. बाकी आत नेहमीसारखं सपाट होतं.

"कधीपासून, गोकुळदासबाब?" शंभूने शेवटी विचारलं.

"प्लांटवर असतानापासून."

"मग त्या दिवशी दुकानात?"

"गुरुजींनी डोळे मिटले."

शंभू हसला नाही. हसण्यासारखं होतं, हे त्याला घरी गेल्यावर कळलं असेल.

"सेट आता ठीक आहे," तो म्हणाला. "ती खोबण मी घट्ट करून देतो. परत ढिली झाली तर वहिनी सांगेल."

"तिनं दोन महिने सांगितलं नाही."

कमलाक्षी आत गेली.

"व्हॉल्व्हचा सेट म्हणजे सारखा कान ठेवायला लागतो त्याच्यावर," गोकुळदास म्हणाला. "गुणगुणतो कधी, कधी फाटतो, कधी शिट्टी मारतो. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. मला नाही कळणार. हा घेऊन जा आणि तो काळा दे. तो कुरकुरत नाही म्हणालास ना?"

"नाही कुरकुरत. पण लोक विचारतील. गुरुजींनी आत्ताच तुमचं बघून घेतलाय. आणखी तिघांनी सांगून ठेवलाय. तुम्ही बदललात म्हटल्यावर ते सगळे येऊन माझ्या डोक्यावर बसतील, का बदलला म्हणून. मी काय सांगू?"

हा प्रश्न गोकुळदासच्या डोक्यात आला नव्हता. व्हॉल्व्हचा सेट ठेवला, तर कुणी काही विचारणार नव्हतं. शिट्टी थांबली होती. शंभू बोलणारा नव्हता, कमलाक्षी तर नव्हतीच. मधुकरची भुवई होती. आणखी चार-पाच चवथी सहज निघाल्या असत्या.

"चवथीच्या आधी आण," तो म्हणाला. "काय सांगायचं ते मी सांगतो."

शंभूने चवथीच्या चार दिवस आधी सेट बदलला. कमलाक्षीने काळ्या डब्यावर जाळीदार रेंदेचा रुमाल घातला. सिद्धी पुस्तकं घेऊन परत बाहेरच्या खोलीत आली. कुत्रा आला नाही, त्याला काकीचा भात मानवला होता.

चवथीला पहिल्या संध्याकाळचं भजन गोकुळदासच्या घरी असे. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली होती, तिच्यातली सुपारीची पेंड मंडळींच्या डोक्याला लागत होती. अनिल वास्कोहून आला होता. वीस-बावीस माणसं चटयांवर दाटीवाटीने बसली. गुरुजी जनेलापाशी बसले आणि बसल्या बसल्या त्यांची नजर मेजावर गेली. त्यांनी रेंदेचा रुमाल एका बोटाने उचलून बघितला.

"गोकुळदासबाब, हे काय? सेट बदललात?"

बोलणं थांबलं. ज्या तिघांनी आपापले सेट सांगून ठेवले होते, ते पुढे सरकले.

"बदलला," गोकुळदास म्हणाला.

"का? व्हॉल्व्हमध्ये काय खोट निघाली?"

"व्हॉल्व्हमध्ये नाही. त्याला शिट्टी येत होती. तुम्ही सगळ्यांनी ऐकलीत ती. मला ऐकू येत नव्हती."

कुणालाच चटकन कळलं नाही. अनिलला वाटलं बाबा चेष्टा करताहेत, तो हसला आणि मग आईकडे बघून थांबला.

"म्हणजे, कान भरला होता काय?" कुणीतरी विचारलं.

"गेलाय. वरचं ऐकू येत नाही. चार वर्षं झाली." त्याने खिशातून फडकं काढलं, उलगडलं आणि हातोडी मधुकरच्या पेटीवर ठेवली. "हे तू बघ यापुढं."

मधुकरने ती उचलली आणि खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दोन वर्षं बघतोच आहे."

"कसं?"

"चहा येतो तेव्हा तुम्ही हात धुवायला उठता. तेवढ्यात घेतो लावून."

गोकुळदासने मान हलवली. दोन वर्षं चहाला उठताना मधुकर कधीच उठत नाही, हे त्याने बघितलं होतं. त्याचा अर्थ लावला नव्हता.

"आणि दुकानात?" गुरुजींना अजून तेच सुटत नव्हतं. "तुम्ही पुढं वाकलात. मी बघितलं. तुम्ही वाकलात म्हणूनच तर मी डोळे मिटले. मला खरं म्हणजे दोन्ही सारखेच लागत होते."

"मी दिवे बघायला वाकलो. आणि तुमचे डोळे बघून व्हॉल्व्ह म्हणालो."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग दोघे-तिघे हसले. गुरुजी हसले नाहीत. ते काळ्या डब्याकडे आणि गोकुळदासकडे आळीपाळीने बघत होते.

"मग माझा मी ठेवू की बदलू?"

"तुम्हांला कुठला आवडतो?"

गुरुजींनी रुमाल डब्यावर परत सरळ केला. हा प्रश्न त्यांना आमोण्यात कुणी विचारला नव्हता. बाकीचे तिघेही चटईच्या काड्या मोजत बसले.

मधुकरने सूर धरला. एका हाताने भाता, दुसऱ्या हातात हातोडी, असं जमत नव्हतं, म्हणून अनिल पुढे सरकून भाता मारू लागला. ठोका, टिचकी, ठोका. गोकुळदास भिंतीला टेकून बसला होता, गेल्या तीस वर्षांत तो तिथे कधी बसला नव्हता. तिथून तबला अर्धाच दिसत होता. मधुकरने हातोडी खाली ठेवली आणि वीस-बावीस तोंडं सवयीने गोकुळदासकडे वळली.

"माझ्याकडं काय बघता?" तो म्हणाला. "त्याला विचारा."

तोंडं वळली. मधुकरने एकदा घसा साफ केला.

"घ्या," तो म्हणाला.

टाळ उचलले गेले. समोरच्या माणसांचे हात जवळ आले, दूर गेले, पुन्हा जवळ आले. गोकुळदासला ठोका ऐकू येत होता. तो हातावर हात मारून ताल धरू लागला, आणि कमलाक्षी सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली.